शेठच्या घोड्याचा पायगुण

आसनगाव स्टेशनापासून शहापूरला यायला तेव्हा टांगे होते, आणि टांग्यांचे घोडे स्टेशनामागच्या चिंचेखाली उभे असत. पाऊस आला की भिजायचे, ऊन पडलं की चिंच जेवढी सावली देईल तेवढ्यावर भागवायचे. मग एकदा कुणा साहेबाच्या बुटाला लीद लागली. साहेबाचा बूट म्हणजे राज्याचा प्रश्न. हुकूम निघाला: पाडव्यापासून ज्याचा घोडा छपराखाली बांधलेला, त्याचाच टांगा स्टेशनावर लागेल. जनावरं वर्षानुवर्षं भिजत होती तेव्हा छप्पर कुणाला आठवलं नाही, हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवतो.

तबेला बांधायला पुढे सरसावले ते भाताच्या गिरणीचे मालक. त्यांना सगळे शेठ म्हणत, तेव्हा मीही तेच म्हणतो. चिंचेजवळची जागा त्यांची, कौलं त्यांची, लाकूड त्यांचं, आणि भाडं टांगेवाल्यांचं. आत सहा ठाणं, म्हणजे सहा घोड्यांना उभं राहायला सहा कप्पे, आणि मध्ये फळ्यांच्या आडभिंती. फळ्यांना काळंभोर डांबर फासलेलं. मुरबाडकडची माणसं टांग्यातून उतरून तबेला बघायची आणि शेठांच्या दानतीचं कौतुक करत पुढं जायची.

मी त्या वेळी कल्याणच्या एका छापखान्यात दोन वर्षं खिळे जुळवून नुकताच घरी परतलो होतो. तिथं दुसऱ्यांची पत्रकं जुळवता जुळवता स्वतः लिहायला लागलो. वाक्य असं हवं की वाचणाऱ्याच्या मुस्काटात बसलं पाहिजे, एवढं एकच शास्त्र मला येत होतं. बापाला वाटायचं, पोरानं भातशेती करावी. मला वाटायचं, आधी क्रांती करावी, मग लावणीचं बघू.

टांगेवाल्यांत एक काका होते. वयानं सगळ्यांत मोठे, आणि तोंडानं सगळ्यांत तिखट. त्यांचा आधीचा घोडा मुरबाडला भाड्याच्या छपरात बांधलेला असायचा. एका रात्री त्याची लाथ कुजक्या फळीतून आरपार गेली, पाय अडकला, घाबरून त्यानं तो ओढला, आणि हाड मोडलं. घोडा गेला. काका वर्षभर दुसऱ्याचे टांगे हाकत होते. मग म्हसा गावच्या जनावरांच्या जत्रेतून त्यांनी एक तांबडी घोडी आणली, आणि आता ती गाभण होती. दिवस भरत आले होते. ठाणांसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा काकांच्या वाट्याला कोपऱ्यातलं आलं.

मला ते ठाण दाखवायला काकाच घेऊन गेले. कमरेचा चाकू काढून त्यांनी फळीवर टेकवला आणि नुसता अंगठ्यानं दाबला. पातं मुठीपर्यंत आत. पिकल्या पपईत जावं तसं.

"सावर," काका म्हणाले.

सावरीचं लाकूड काय लायकीचं असतं ते जंगलाकडच्या शेणवे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काडेपेटीच्या काड्यांना ठीक. वर डांबर फासलं की सावरही ऐनाच्या टणक लाकडासारखी दिसते, एवढंच शेठांनी पाहिलं होतं.

"आमची तांबडी रात्रीची लाथा झाडते," काका म्हणाले. "हितं तिचा पाय गेला तर पोटातलं पन जाईल न् माझ्या पोटावरचं पन. न बांधली तर टेशन जाईल. सांग, काय करू?"

आम्ही दोघं शेठांकडे गेलो. शेठांनी चहा पाजला. फळ्यांवर दोन हात डांबर बसलंय, असं समजावलं. घोडी शहाणी असेल तर नव्या तबेल्यात लाथ मारणारच नाही, असंही सांगितलं. म्हणजे फळी कच्ची निघाली तर दोष घोडीच्या संस्कारांचा.

माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी पत्रक लिहिलं, उधारीवर छापून आणलं आणि बाजारात वाटलं. मथळा होता 'डांबराखालचा डाव'. एकही वाक्य थप्पड मारल्याशिवाय संपत नव्हतं. परिणाम असा, की टांगेवाल्यांनी त्यात तंबाखू बांधली, आणि शेठांनी गिरणीच्या ओट्यावर बसून ते दहा माणसांसमोर मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर मला बोलावून म्हणाले, भाषा झकास आहे रे, आमच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका तूच लिही. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस मी धुमसत होतो. मग शेठांचा पांढरा घोडा डोळ्यांसमोर आला.

हा घोडा वरातीचा. मोठ्या घरची वरात त्याच्याशिवाय निघत नसे. त्याला नाचायला शिकवलेलं. बाजा वाजला की पुढचे पाय नाचवायचा आणि मागचे दणादण झाडायचा. बाजा थांबेपर्यंत तो थांबत नसे. शेठांचा जीव आधी गिरणीत आणि मग त्या घोड्यात होता. घरच्यांचा नंबर त्यानंतर. आणि आमच्याकडे चाल अशी, की नव्या गोठ्यात पहिलं पाऊल चांगल्या पायगुणाच्या जनावराचं पडावं. ते आत गेलं की दिवेलागणीपर्यंत बाहेर काढायचं नाही. आधी काढलं तर लक्ष्मी त्याच्याबरोबर निघून जाते.

मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात एकही थप्पड नव्हती. सगळं तूप. दानशूर शेठजींचे उपकार तालुका विसरणार नाही. तरी पाडव्याच्या सकाळी नव्या तबेल्यात पहिलं पाऊल त्यांच्या शुभ्र अश्वाचं पडावं, अशी समस्त टांगेवाल्यांची नम्र विनंती. मुरबाडचा बाजा दिवसभर वाजत राहील. या पत्रकात कुणी तंबाखू बांधली नाही. काका मात्र मला रस्त्यात गाठून म्हणाले, "शेठनं काय खायला घातलं रे तुला?"

मी तसाच पुढं निघालो. खुलासा केला असता तर तो तासाभरात गिरणीवर पोचला असता.

शेठांना नाही म्हणता येईना. शेठाणीनं तर आरतीचं ताट घासायला काढलं होतं. नाही म्हणायचं तर कारण काय सांगणार? माझ्याच फळ्यांवर माझा भरवसा नाही? पाडव्याला दोन दिवस उरले असताना शेणव्याच्या बाजूनं एक बैलगाडी आली. वर गवत, गवताखाली ऐनाच्या फळ्या. सुतार दिवसभर तबेल्याचं दार लावून आत ठोकत बसला होता. शेठ म्हणाले, डांबराचा रंग जरा फिका वाटत होता.

पाडव्याला गर्दी जमली. घोडा पहिल्या ठाणात गेला, बाजा सुरू झाला, घोडा नाचायला लागला. लाथ बसली. फळी ठक्क वाजली आणि जागची हलली नाही. शेठांच्या गळ्यात हार पडला. मीही टाळ्या वाजवल्या, अगदी मनापासून.

काका कुठं दिसेनात म्हणून मी कोपऱ्यातल्या ठाणाकडे गेलो. ते तिथंच उभे होते आणि त्यांचा चाकू फळीत उभा रोवलेला होता, मुठीपर्यंत. शेठांनी फक्त पहिल्याच ठाणाच्या फळ्या बदलल्या होत्या. आपल्या घोड्यापुरत्या.

"वाच आता तुझं पत्रक हिला," काका म्हणाले. तांबडी बाहेर चिंचेला बांधलेली होती. म्हणजे त्या दिवसापासून काकांचा टांगा स्टेशनावरून उठला होता.

मी तरातरा बाहेर आलो आणि एका टांग्याच्या पायरीवर चढलो. शेठांचे पुन्हा आभार मानले. मग विचारलं, की पायगुण एकाच ठाणाला मिळाला, बाकीची पाच ठाणं काय सावत्र आहेत? टांगेवाल्यांना सांगावं लागलं नाही. एक ओरडला, आमच्या ठाणानं काय पाप केलंय? दुसरा म्हणाला, माझा घोडा आजारी पडला तर शेठ, तुमच्या दारात आणून बांधीन. शेठ घाम पुसत म्हणाले, की पायगुण सगळ्या तबेल्यात आपोआप पसरतो.

तेव्हा शेठाणी बोलल्या. त्यांना फळ्यांतलं काहीच माहीत नव्हतं, म्हणून तर त्यांच्यापुढं कुणाचं चालणार नव्हतं. "घरात सहा सुना असल्या तर एकीचीच ओटी भरतात का हो? सगळ्या ठाणांना घोडा लावा."

"माझी गाभण हाय, वैनी," काका मागून म्हणाले.

"मग गाभणीचं आधी. उद्याच कोपऱ्यात आणू."

उद्या घोडा आला नाही. शेठांनी कळवलं, त्याच्या पायाला सूज आहे. सूज चार दिवस टिकली, आणि त्या चार दिवसांत शेणव्याहून गाड्या येत राहिल्या. नुसत्या कोपऱ्यासाठी नाही, सगळ्या ठाणांसाठी. दर खेपेला घोडा लंगडा करायला शेठांनाही लाज वाटली असावी. काका रोज संध्याकाळी येऊन सुताराच्या मागं उभे राहायचे. दोन फळ्यांत खूर जाईल एवढी फट दिसली की उकलून परत ठोकायला लावायचे. खिळ्याचं टोक आत वर आलं असेल तर हातोडी स्वतः घ्यायचे. खाली शेठांनी गुळगुळीत फरशी घातली होती. काकांनी तिच्यावर मुरूम टाकून चोपून घेतला. चौथ्या दिवशी त्यांनी फळीवर चाकू दाबला आणि त्याचं टोक मोडलं. मोडकं टोक बघून ते खुदकन हसले. मी त्यांना हसताना तोवर पाहिलं नव्हतं.

पाचव्या दिवशी घोड्याची सूज उतरली. बाजा आला, आरती झाली, घोडा कोपऱ्यात दिवेलागणीपर्यंत नाचला आणि फळ्यांनी त्याला दाद दिली नाही. मग शेठ एकेका टांगेवाल्याला फळी हातानं ठोकून दाखवायला लागले. ऐनाशिवाय मी दुसरं लाकूड वापरतच नाही, म्हणाले. माझ्या तोंडात मोठं वाक्य आलं होतं, पण काकांनी माझा दंड धरला.

घोडा गेल्यावर त्यांनी तांबडीला आत नेलं. तिनं गव्हाण हुंगली, दोन्ही बाजूंच्या फळ्या हुंगल्या. एक लाथ मारली, जरा थांबली, आणखी एक मारली. मग पोट सावरत, पुढचे गुडघे टेकत ती मुरमावर खाली बसली. बाहेर बाजेवाले अजून जोरात होते. पैसे रात्रीपर्यंतचे ठरले होते, ते वाजवणारच.

काका दारात येऊन मला म्हणाले, "सांग रे त्यांना, पुरे आता. बाळंतीण झोपते हाय."

"अजून व्यायची आहे की, काका."

"व्याईल रे. आता व्याईल," काका म्हणाले आणि त्यांनी दार ओढून घेतलं.