नूरबानोच्या नावाचं औषध

नूरबानो शेख नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. येवल्याच्या पैठणी विणणाऱ्या घरातली मुलगी. लहानपणी मागावर रंग पाहिले आणि पुढे रंगांच्याच मागे लागली. पॉर्फिरिन नावाचे रेणू हा तिच्या संशोधनाचा विषय. रक्ताचा लाल आणि पानाचा हिरवा, दोन्ही रंग एकाच घडणीच्या कड्यासारख्या रेणूंचे. कड्याच्या मधोमध रक्तात लोह बसतं, पानात मॅग्नेशियम. असल्याच रेणूंचे जांभळे स्फटिक ती प्रयोगशाळेत बनवायची. त्यासाठी लागणाऱ्या आम्लाचा आंबूस वास ओढणीला इतका चिकटायचा, की बसमध्ये शेजारची बाई सरकून बसायची.

२००१ साली तिनं कॉलेजात व्याख्यान दिलं. असा रेणू कॅन्सरच्या गाठीत साठला आणि त्यावर लाल प्रकाश पडला, की तिथल्या पेशी मरतात. परदेशात काही कॅन्सरवर हा उपचार सुरू झालाय, आमचं काम मात्र अजून काचेच्या नळीतच आहे, हे तिनं दोनदा बजावलं. तरी एका स्थानिक वर्तमानपत्रात तिच्या फोटोसकट छापून आलं, की नाशिकच्या प्राध्यापिकेला कॅन्सरवर उपाय सापडला. तिनं खुलासा पाठवला. तो छापलाच नाही.

दिवाळीनंतर एक जोडपं तिला शोधत कॉलेजात आलं. दिंडोरीकडं फुलं पिकवणारे भिमाजी आणि त्यांची बायको सखुबाई. भिमाजींनी टेबलावर शेवंतीची जुडी ठेवली.

"लय उपकार झाले, मॅडम. तुमचं औषध चालू केलंय हिला."

"माझं कुठलं औषध, काका?"

त्यांनी पिशवीतून पाल्याच्या हिरव्या रसाची बाटली आणि एक पत्रक काढलं. पत्रकावर नूरबानोचा वर्तमानपत्रातला फोटो होता. पंचवटीतल्या गाळ्यात दामोदर नावाचा माणूस हा रस पाजून लाल बल्बाखाली बसवत होता.

"दवाखान्यातले डॉक्टर लाईट घ्या म्हणले व्हते," भिमाजी म्हणाले. रेडिएशनला ते लाईट म्हणत होते. "त्यानं अंग भाजतं म्हणत्यात. म्हणून तिकडं जाणं सोडलं. हे लाईट बरं हाय."

जबड्याच्या कॅन्सरनं सखुबाईंचा गाल फुगून डोळ्यापर्यंत चढला होता. नूरबानोचं डोकं सणकलं. ती प्राचार्यांकडे गेली, तर ते म्हणाले, "कॉलेजचं नाव होतंय, मॅडम. उगाच वाद कशाला?"

मग ती एकटीच पंचवटीत गेली. माणसं तोंडं उघडी टाकून बल्बांकडे बघत बसली होती.

"पानात तसाच रेणू असतो, हे तुमच्याच व्याख्यानातलं वाक्य ना?" दामोदरनं हसून विचारलं.

वाक्य तिचंच होतं आणि खरंही होतं. त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"या कागदावरची बाई मी आहे," ती माणसांकडे वळून म्हणाली. "हे औषध माझं नाही. यानं कुणी बरं होणार नाही. दवाखान्यात जा."

दोघं उठले. बाकीचे तसेच बसून राहिले. एक म्हातारा तर तिच्यावरच चिडला, "फोटो बघून आलो आम्ही, आन् आता तुम्हीच नाय म्हणता?"

तिनं पोलिसांत तक्रार दिली आणि दुसऱ्या दिवशी सखुबाईंना स्वतः दवाखान्यात नेलं. जबड्याचा एक भाग काढावा लागला. वेळेवर आल्या असत्या तर तो वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. ते ऐकून भिमाजी तिच्याशी महिनाभर बोलले नाहीत. फोटो तिचाच होता, म्हणून त्यांचा राग तिला पटला.

गाळा बंद झाला, पण वर्षभरात दामोदरनं नांदगावात तेच दुकान दुसऱ्या नावानं थाटलं. तिकडं जायला नूरबानोनं रजा टाकली. सखुबाईंना ते कसं कळलं कुणास ठाऊक, पण एसटी स्टँडवर त्या आधीच येऊन उभ्या होत्या.

"मी बी येते," त्या म्हणाल्या. शब्द नीट फुटत नव्हते.

नांदगावला दुकानाच्या दारात त्यांनी तोंडावरचा पदर काढला आणि बाकावरच्या एकेका माणसाकडे वळून चेहरा दाखवला. माणसं एकेक करून उठली. दामोदर मागच्या दारानं निसटला. पुढे तो कुठे गेला ते पोलिसांनाही सापडलं नाही. परतीच्या एसटीत नूरबानो रागारागानं पोलिसांसाठी नवी तक्रार लिहीत होती आणि सखुबाई खिडकीशी टेकून झोपून गेल्या होत्या.