एक जूनला जन्मलेली शाळा

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. तीन माणसं आणि एक लहरी कॉम्प्युटर एका खोलीत ठेवा, वर्षभरात पोतं भरतं. आमची खोली भिवंडीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर होती. मागच्या गल्लीत लूमचा खडखडाट, त्यामुळे आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो. घरी गेल्यावरही ती सवय जायची नाही आणि बायको विचारायची, "आज कुणाशी भांडलात?"

नव्वदीची सुरुवात होती ती. पेंडसे सर मालक. मी बिलं, फोन आणि इकडचं तिकडचं बघायचो. आणि प्रोग्रॅम लिहायची ती वैशाली गायकवाड, टेमघरची. तिचे वडील हायस्कूलमध्ये मास्तर. कॉम्प्युटर हे चार दिवसांचं फॅड आहे, मुलीने बी.एड. करून शाळेत लागावं, हा त्यांचा हट्ट. घरात बरीच वादावादी होऊन शेवटी तह झाला. मास्तर म्हणाले, "मी तीस जूनला रिटायर होतोय. तोपर्यंत पक्की नोकरी दाखव. नाहीतर मुकाट्याने बी.एड."

आमच्याकडे ती टेंपररी होती. सर म्हणायचे, "एक मोठं काम पास करून दाखव, त्याच दिवशी तुझी पक्क्या नोकरीची ऑर्डर काढतो." आणि बिचारीच्या वाट्याला कामं यायची ती नेमकी तारखांची.

*

पहिलं काम एका डॉक्टरीणबाईंच्या मॅटर्निटी होमचं. बाईच्या पाळीची तारीख टाकली की बाळंतपणाची अंदाजे तारीख छापून यायची. डीबेस या भाषेत ते सोपं होतं, तारखेत दिवस मिळवायचे की झालं. पहिले काही दिवस सगळं झकास चाललं. मग बाईंचा फोन आला.

"अहो, तुमचा कॉम्प्युटर बारा तारखेनंतर सुट्टीवर जातो का? तेरा तारीख टाकली की कोरा कागद देतो."

झालं असं होतं की ती भाषा अमेरिकेची. ती महिना आधी वाचायची आणि दिवस नंतर. तेरावा महिनाच नाही म्हटल्यावर ती गप्प बसायची. एक ते बारा तारखांना मात्र बेधडक चुकीचं उत्तर देत होती, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वैशालीला ध्यानात आलं आणि तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "एवढं काय, पुढच्या पेशंटपासून नीट होईल." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मॅटर्निटी होममध्ये जाऊन जुन्या सगळ्या पेशंटच्या तारखा तिने पुन्हा काढल्या आणि प्रत्येकीला निरोप पोचवला. अंबाडी गावापलीकडच्या एका बाईची सासू तर तिला म्हणाली, "पोरी, आमाला तारीख म्हाईत न्हाय, पन पोट दिसतंय. ते येल तवा येल."

*

त्याच मॅटर्निटी होमचा दुसरा फोन. "माझ्या पेशंटला तुमचा कॉम्प्युटर चौथीत बसवतोय!"

लाइट जायची, तिथल्या मशीनची आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे लाइट परत आली की मशीनला वाटायचं आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी. मग वीस वर्षांची गर्भार बाई त्याच्या हिशेबाने शाळकरी पोर व्हायची आणि तो नाव नोंदवायला नकार द्यायचा. मी सुचवलं, नवीन बॅटरी टाका आणि विषय संपवा. वैशाली म्हणाली, "ती पण मरेल." तिने प्रोग्रॅमलाच शिकवलं की आजची तारीख कालच्या मागे गेली तर चालूच व्हायचं नाही, आधी माणसाला खरी तारीख विचारायची. डॉक्टरीणबाईंचं समाधान झालं. सरांचं नाही. "हे छोटं काम झालं," ते म्हणाले.

*

मग एक लूमवाले शेठ आले. ऑर्डर घेतली की माल कधी तयार होईल ती तारीख त्यांना हवी होती. वैशालीने पुस्तकात होतं तसं रविवार वगळून दिवस मोजले. शेठने कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि अगदी प्रेमाने म्हणाले, "बेटी, इतवार को मेरे लूम क्यों बंद करवाती हो? हमारे यहाँ छुट्टी जुम्मे को होती है."

जन्म भिवंडीत गेला, शुक्रवारी गल्ली शांत असते हे आम्हा तिघांना पाठ, तरी एकालाही सुचलं नाही! मी म्हटलं, रविवारच्या जागी शुक्रवार लिही, दोन मिनिटांचं काम. ती म्हणाली, "आणि उद्या कल्याणचा शेठ आला तर?" सुट्टीचा वार प्रोग्रॅमने आधी विचारायचा, अशी सोय तिने केली. त्यात आठवडा गेला. ह्या पोरीला शॉर्टकट दाखवणं मी त्या दिवसापासून सोडलं.

*

एप्रिलमध्ये मोठं काम आलं, आणि तेही तिच्या वडिलांच्याच शाळेचं. शिक्षकांच्या जन्मतारखांवरून निवृत्तीच्या तारखा काढायच्या होत्या. नियम अठ्ठावन्न वर्षांचा, ज्या महिन्यात पूर्ण होतील त्या महिन्याची अखेर.

माहिती भरून झाली आणि वैशाली घाबरली. अर्ध्याहून जास्त स्टाफची जन्मतारीख स्क्रीनवर एक जून! "बाबांची एक जून आहे, तीच सगळ्यांना चिकटली," असं म्हणत तिने दिवसभर चूक शोधली. संध्याकाळी वैतागून हेडमास्तरांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. आमच्या आईबापांना तारीख कुठे ठाऊक होती? नाव घालताना गुरुजी सगळ्यांना एक जून लावून टाकायचे."

*

दाखवायचा दिवस आला. पेपर तपासायला सगळा स्टाफ शाळेत जमलेला, पेंडसे सर आणि मी पुढे, मास्तर मागच्या बाकावर. वैशालीने यादी स्क्रीनवर आणली. हेडमास्तरांनी चष्मा लावला आणि मान हलवली.

"चूक. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या दिवशीच वर्ष पुरं करतो. तो आदल्या महिन्याअखेरीस जातो. एकतीस मे."

"पण सर," वैशाली म्हणाली, "मी बाबांच्या तारखेवरूनच तपासून बघितलं होतं. त्यांनीच मला तीस जून सांगितलं."

सगळ्यांनी मागे वळून बघितलं. हेडमास्तर म्हणाले, "काय मास्तर? तुमचे पेन्शनचे कागद तर एकतीस मेचेच गेलेत."

मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले. वैशाली त्यांच्याकडे बघत होती, आणि तिला काय कळलं ते मलाही कळलं. तहाच्या मुदतीत मास्तरांनी पोरीला गुपचूप एक महिना जास्तीचा घातला होता.

काम नापास झालं असं समजून पेंडसे सर उठायला लागले. वैशाली म्हणाली, "सर, बसा." तिने कीबोर्ड पुढे ओढला. जन्मतारखेतून एक दिवस वजा करायचा आणि मग अठ्ठावन्न वर्षं मिळवायची, एवढाच बदल होता.

मागून मास्तरांचा आवाज आला, "माझी तेवढी तीस जूनच राहू दे की."

"नाही बाबा. सगळ्यांना एकच नियम."

तिने एंटर दाबलं. हेडमास्तरांनी एकेक नाव बोट लावून वाचलं. "पास," ते म्हणाले.

मास्तर बाकावरून उठले आणि सरळ पेंडसे सरांसमोर येऊन उभे राहिले.

"पेंडसे, हिची ऑर्डर एकतीस मेच्या आत काढा. माझ्याकडे आता जास्तीचा महिना उरलेला नाही."