चौदा नंबरच्या कुंडीतले दोन आकडे

केळव्याच्या वाडीत वाढलेल्या शैलाला रोपं जगवायला कुणी शिकवलं नव्हतं; आणि पालघरच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाल्यावर तिला शिकवायची कुणाची छातीही नव्हती. नोकरी मात्र वर्षाच्या कराराची. दर जूनला प्रयोगशाळेच्या प्रमुख प्रियदर्शिनी मॅडमची सही पडली की पुढे सरकायची. मॅडम मूळच्या लातूरच्या, सरावलीला राहायच्या, आणि त्यांना वेड होतं रानटी पेलार्गोनियमचं. बाल्कनीत आपण जिरेनियम म्हणून जे मिरवतो ना, त्याच्या रानातल्या भावंडांचं.

त्यांच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला टाचण्यांची नुसती दाटी. मग एखादी तुर्कस्तानात, एखादी अरबस्तानात, काही थेट ऑस्ट्रेलियात. प्रत्येक टाचणीखाली त्या जातीच्या पेशीत किती गुणसूत्रं, तो आकडा. कुठे आठ, कुठे अठरा, कुठे बावीस, कुठे चक्क अठ्ठ्याऐंशी. पुसता पुसता शैलाचं फडकं तिथे थांबायचंच.

"एकाच घरातली ना ही? मंग आकडे येगळे कशे? आन् एवढा समुद्र वलांडला कसा?"

"तेच शोधतेय, शैलाताई," मॅडम हसून म्हणायच्या. एवढ्या शिकलेल्या बाईलाही ठाऊक नाही, याचं शैलाला भारी अप्रूप वाटायचं.

मुळांची कोवळी टोकं कापायचं काम तिचं. तिथल्या पेशी दुभंगत असतात, तेव्हाच गुणसूत्रं मोजता येतात. टोकं रंगात बुडवून काचेवर चेपायची, की मॅडम मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या. चौदा नंबरच्या कुंडीतल्या रोपाची बावीस भरली. दुसऱ्या काचेवर मात्र अठरा. मॅडमनी पुन्हा टोकं मागवली. काहींत बावीस, काहींत अठरा!

"एका झाडात दोन आकडे! पुढच्या आठवड्यात पुण्याच्या परिषदेत हेच सांगणार मी," मॅडम म्हणाल्या. शैलाची तर कॉलर ताठ झाली. पावसाळ्यात सडायला लागलेलं हे रोप वाचवलं होतं कुणी? तिनंच की. चार दिवस ती झाडणाऱ्या बाया, शिपाई, दिसेल त्याला हे ऐकवत सुटली.

पाचव्या दिवशी झुंबर शिपायानं विचारलं, "पण वाचवलंस कसं गं?"

शैला सांगायला गेली आणि तिची नजर नऊ नंबरच्या कुंडीकडे वळली. तिच्या घरची रीत होती, आजारी रोप एकटं ठेवायचं नाही. शेजारी धडधाकट फांदी खोचायची, सोबतीला. तिनं नऊ नंबरच्या रोपाची फांदी चौदात खोचली होती. रोप सावरलं तशी ती मातीलगत कापून टाकली, कारण मॅडमना कुंडीत एकच झाड लागे. आणि नऊ नंबरचा आकडा होता अठरा.

गप्प बसावं तर मॅडम भर सभेत खोटं बोलणार. सांगावं तर जूनची सही गेली. स्वतःवरच चरफडत ती कुंडी उचलून मॅडमच्या टेबलापाशी गेली.

"म्याडम, हितं दोन झाडं हायत. माझी चूक झाली," म्हणत तिनं माती धुऊन दाखवली. खाली मुळांच्या गुंत्यात तो कापलेला खुंट जिवंत होता.

मॅडमचा चेहरा पडला. त्यांनी खुंट बोटानं चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "मुळं वेगळी करता येतील तुम्हाला?"

"न यायला काय झालं!" शैलानं दोन्ही जाळ्या सोडवल्या. रोपाच्या मुळांची आणि खुंटाच्या मुळांची टोकं रंगवून निरनिराळ्या काचांवर चेपली. या वेळी मॅडम खुर्चीवरून उठल्या. "मोजा तुम्ही."

तिनं आधी रोपाची काच पाहिली. काड्यांसारखे जांभळे कण मोजता मोजता ओठ हलत होते. बावीस. दुसऱ्या पेशीत बावीस. सगळ्या बावीसच. मग खुंटाची काच. मॅडमना वाटलं, कोडं सुटलं, आता शैलाताई हसतील. पण ती एकाच पेशीवर पुन्हा पुन्हा मोजत राहिली.

"किती?"

"अठराच हाय, म्याडम," शैला म्हणाली. "मला वाटलेलं, एका पेशीत तरी बावीस निघतील, मंग तुमचं पुण्याचं खोटं पडायचं न्हाई."