कीबोर्डातला दत्तू

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मध्ये थांबावं लागणार नाही. मी शाळेच्या भरलेल्या हॉलमध्ये, माइकवरून, एका मेलेल्या माणसाला तबला वाजवायला सांगितलंय. हो, पूर्ण शुद्धीत!

त्याचं असं झालं. मी पेटी वाजवतो, आणि तीस वर्षं माझ्या शेजारी तबल्याला माझा मित्र दत्तू. दिवाळीनंतर तो अचानक गेला आणि मी पेटी मिटून ठेवली. इकडं माझी बायको सुनंदा शाळेतून निवृत्त होणार होती. निरोपाच्या कार्यक्रमात तिला एक भजन गायचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच स्टेजवर!

"साथ तुम्हीच करायची," तिनं बजावलं.

पण तबल्याला कोण? दत्तूच्या जागी दुसरा माणूस बसलेला मला बघवला नसता. म्हणून कीबोर्ड घ्यायला गेलो. तबल्यापासून व्हायोलिनपर्यंत सगळा ताफा पोटात घेऊन बसतो ना, तसला.

दुकानदार इरण्णा भला माणूस. म्हणाला, "सर, वाजवणार काय तुमी? भजन, का लग्नातला ऑर्केस्ट्रा? एका हातानं, का दोन्ही?"

मला साधा ठेका देणारं छोटं यंत्र पुरलं असतं. पण 'मला यातलं कळत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून कधी निघालंय का?

"सगळं येतं ते द्या!"

"सगळं म्हंजे लई हाय ओ. बरं, हितं डाव्या बाजूला बघा…"

तो बराच वेळ डाव्या बाजूचं काहीतरी समजावत होता आणि मी जाणकारासारखी मान डोलवत होतो. शेवटी थकून म्हणाला, "भजनाचं सगळं लावून दिलंय. नुसतं चालू करा की."

दुसऱ्या दिवशी दुपारी कीबोर्ड चालू करून बसलो. आपली सोलापूरची दुपार तुम्हाला माहीत आहे. गल्लीत चिटपाखरू नाही, खिडक्यांना ओले पडदे, खोलीत अंधूक उजेड. सुनंदा शाळेत. समोर भिंतीवर दत्तूचा फोटो. मी डोळे मिटले. डोळे मिटल्याशिवाय मला सूर सुचतच नाही.

आणि तबला सुरू झाला.

मी अजून एक सूरही वाजवला नव्हता हो! खालून तंबोऱ्यासारखं काहीतरी घुमायला लागलं. अंगावर सर्रकन काटा आला. कारण दत्तूची खोड नेमकी हीच होती. गाणारा तयार व्हायच्या आधीच हा ठेका धरून मोकळा!

घाबरून मी हात जोडले. तबला तिथल्या तिथं थांबला.

"दत्तू?"

वर पंखा तेवढा कुरकुरत होता. मी पुन्हा डोळे मिटून बसलो. पुन्हा ठेका. हात जोडले. पुन्हा शांत. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

तुम्ही काय केलं असतं? मी दुसऱ्या दिवशी चहा केला. दोन कप. सुनंदाची उरलेली रजा सुरू झाली होती, ती घरीच, आत पडली होती. पण ती भित्री, तिला कशाला सांगा! दत्तूचा कप कीबोर्डाशेजारी ठेवला, पाय धुऊन आलो, तर कप रिकामा.

 मग रोज दुपारी चहा ठेवत गेलो आणि रोज कप रिकामा होत गेला. त्याच्याशी बोलायला लागलो. भीती वाटायची आणि बरंही वाटायचं. तालमीला सुनंदा गायची, मी डोळे मिटायचो, दत्तू वाजवायचा. तिला वाटत असणार, मशीनच वाजतंय. बिचारी!

कार्यक्रमाच्या दिवशी मला गप्प बसवेना. माइक ओढला. "आज तबल्यावर साथ करतील… कैलासवासी दत्तू!"

 पुढच्या रांगेतल्या मुख्याध्यापिकांनी पदर सावरला. मी हात जोडून डोळे मिटले. "दत्तू, धर ठेका."

काही नाही.

"दत्तू, अरे सुनंदा उभी आहे!"

काही नाही. डोळे किलकिले केले. सुनंदाचा चेहरा उतरला होता. तेहतीस वर्षांनी मिळालेलं तिचं गाणं माझ्यामुळं बुडत होतं. मी रडायच्या बेतात होतो.

तेव्हा ती शांतपणे जवळ आली, जोडलेल्या हातांतला माझा डावा हात सोडवला आणि कीबोर्डाच्या डाव्या पट्ट्यांवर ठेवला.

तबला सुरू!

आलं लक्षात? पेटीला डाव्या हातानं भाता मारावा लागतो. कीबोर्डाला भाता कुठला? रिकामा झालेला माझा हात, डोळे मिटले की आपोआप त्या पट्ट्यांवर जाऊन टेकायचा. बोट टेकलं की तबला चालू, उचललं की बंद. इरण्णा बिचारा हेच सांगत होता!

सुनंदा सुरेख गायली. मी मान वर केली नाही.

परत येताना रिक्षात विचारलं, "तुला कधी कळलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"भावजी गेल्यापासून तुम्ही कुणाशी धड बोलत नव्हता. त्या मशीनशी तरी बोलत होता की."

 रिक्षा घराशी आली तेव्हा आठवलं. "आणि चहा? तो कोण प्यायचं?"

"मीच," ती म्हणाली. "लग्नाला तेहतीस वर्षं झाली. तुमच्या हातचा चहा मिळायला मला दत्तूभावजींचं भूत व्हावं लागलं!"