बाबांच्या गाडीतली काळी खुंटी

चोरांसाठी बसवतात ती वस्तू मी माझ्या वडिलांसाठी बसवून घेतली.

लालबागला आमच्या चाळीच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीला खेटून बाबांची गाडी उभी असते. पूर्वीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी असत त्याच घाटाची, फक्त रंग दुधी. बाबा गिरणीत साहेबांचे ड्रायव्हर होते. गिरणी बंद पडली तेव्हा साहेबांनी ही गाडी बाबांना देऊन टाकली. तेव्हापासून आमच्या घरात थोरली लेक ती आणि धाकटी मी. हे मी आता गमतीने म्हणते, लहानपणी मला तिचा खराखुरा राग यायचा.

गेल्या वर्षीपासून बाबा विसरायला लागले. शेजाऱ्यांची नावं गेली, आपण जेवलो की नाही हेही आठवेना. गाडी चालवणं मात्र विसरले नाहीत, तेवढं विसरले असते तर बरं झालं असतं. श्रावणातल्या एका दुपारी आईचा डोळा लागलेला असताना ते गाडी घेऊन परळला गेले. गिरणीच्या जागी आता टॉवर आहे. त्याच्या गेटसमोर हॉर्न वाजवत उभे राहिले आणि साहेबांना घ्यायला आलोय, गेट उघड, म्हणून वॉचमनशी भांडले. परतताना एका गल्लीत उलट्या बाजूने शिरले. शाळा नुकतीच सुटली होती. एका बाईने आपल्या पोरीला दप्तराला धरून मागे खेचलं म्हणून निभावलं.

दुधी गाडी कुणाची हे लालबागमध्ये कुणीही सांगेल. मी कामावरून घरी आले तेव्हा ती बाई आमच्या दारात बसली होती आणि पोरगी तिला बिलगून उभी होती. बाईने शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमच्या वडिलांना आवरा हो." आतल्या खोलीत बाबा चहात बेकरीचा बटर बुडवून खात होते.

आम्ही चावी लपवून पाहिली. बाबांनी घर उलथंपालथं केलं, आईवर चोरीचा आळ घेतला आणि शेवटी मोरीच्या उंबऱ्यावर बसून रडले. गाडी विकून टाका, असा सल्ला सगळी चाळ देत होती. आईने ऐकून घेतलं नाही, गाडी गेली की हा माणूसही जाईल म्हणाली. म्हणजे चावी बाबांच्या खिशात राहायला हवी, गाडी डोळ्यांसमोर हवी, आणि ती सुरू मात्र होता कामा नये. साप मेला पाहिजे आणि काठीही तुटता कामा नये, ही म्हण बापासाठी वापरू नये हे मला कळतं. पण त्या दिवसांत माझ्या डोक्यात तीच घोळत होती.

आई बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली त्या सकाळी मी माझगावहून गाड्यांचं वायरिंग करणारा बोलावला. जुन्या गाड्या हल्ली फार चोरीला जातात, असं मी त्याला सांगितलं आणि ताकास तूर लागू दिली नाही. बॅटरीची वायर आत ओढून मधे एक काळी खुंटी बसवायची, ती अर्धा फेरा फिरवली की सगळी वीज बंद, एवढंच ते काम. ती लपवायची कुठे, हे चोर गाडीला किती ओळखतो त्यावर ठरतं, असं तो म्हणाला. हा चोर तिला माझ्या जन्माआधीपासून ओळखत होता. स्टिअरिंगखाली नको, बॉनेटमध्ये तर नकोच, असं करत आम्ही ड्रायव्हरशेजारच्या सीटखाली जागा काढली. बाबा त्या बाजूला कधीच बसत नाहीत.

मला वाटलं होतं, गाडी सुरू झाली नाही की बाबा तिला चार शिव्या देतील आणि सोडून देतील. तसं झालं नाही. रोज सकाळी ते अंघोळ करून खाली उतरत, चावी फिरवत. बॅटरीत पाणी घालत, तिची टोकं गरम पाण्याने धूत, पुन्हा चावी फिरवत. मग दोन्ही हात समोर धरून उलटसुलट करून बघत. एकदा मला म्हणाले, "गाडी बरी आसा गो. माझो हात गेलो." मी कामावर निघून गेले. दिवसभर मला त्यांचा राग येत होता, आणि त्याहून जास्त माझा.

मग दसरा आला. गिरणीत दसऱ्याला एकूण एक यंत्राला हळदकुंकू लागायचं, आणि बाबांनी ती रीत गाडीसाठी चालू ठेवली आहे. चाकं, स्टिअरिंग, बॅटरी, जॅक, पाने, हवा भरायचा पंपसुद्धा. पूजा झाली की देवळापर्यंत एक फेरी. ती चुकवणं मला जिवावर आलं. बाबा नारळ आणायला वर गेले तेवढ्यात खुंटी फिरवून ठेवावी आणि आज मीच चालवते म्हणावं, असं मी ठरवलं. डावं दार उघडून सीटखाली हात घातला तर बोटांना ओलं लागलं. वाकून बघितलं. काळ्या खुंटीला हळद लावलेली होती, त्यावर कुंकू, वर झेंडूची पाकळी. लपवताना मी चोराचा विचार केला होता, दसऱ्याचा केलाच नव्हता.

बाबा नारळ घेऊन मागे उभे होते. त्यांनी माझी बोटं बघितली.

"काम करता तेका कुंकू लावूक व्हया," ते म्हणाले.

नारळ फोडून ते स्वतःच डावीकडे जाऊन बसले. मी खुंटी फिरवली आणि देवळापर्यंत गाडी चालवली. वाटेत क्लच दाबून ठेवते म्हणून दोनदा ओरडा खाल्ला. परत आल्यावर त्यांच्यादेखत खुंटी पुन्हा बंद केली. मला वाटलं, सुटले, आता काही लपवायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा स्टिअरिंगमागे बसून चावी फिरवत होते. काल काय झालं त्यातलं त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी चावी सोडली आणि हात समोर धरले. मी डावीकडे जाऊन शेजारी बसले.

"हात नाही गेला बाबा," मी म्हटलं. "गाडी मी बंद केलीय. तुम्ही चालवू नये म्हणून."

त्यांनी चावी काढून खिशात ठेवली. मग म्हणाले, "बरा केलंस."

ते तेवढ्यापुरतंच होतं. आता रोज सकाळी कामावर निघण्याआधी मी खाली जाते, त्यांच्या शेजारी बसते आणि तेच वाक्य सांगते. कधी ते बरा केलंस म्हणतात. कधी भडकतात आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलत नाहीत. पण हात उलटसुलट करून बघत नाहीत.