तवकिरीच्या डब्यातलं तारुण्य

माझा वरचा पुढचा दात आश्विनातल्या एका दुपारी, आमच्या छतावर, धाकट्या जावेच्या कोपराने पडला. तिच्या उजव्या भुवईवर जी आडवी खूण आहे ती माझ्या बांगडीची. आम्ही दोघी तेव्हा हळदीकुंकवाला मानाने बोलावल्या जाणाऱ्या पोक्त बायका होतो, आणि मांजरांसारख्या एकमेकींना ओरबाडत होतो. कारण काय, तर माझा चेहरा. सुंदर दिसायच्या नादात दात घालवणारी बाई मी माझ्याशिवाय दुसरी पाहिलेली नाही.

सुरुवात एका फोटोग्राफरने केली. गंगेच्या घाटाजवळ, मंगला गौरीच्या गल्लीत नात्यातली मुंज होती. सगळ्या बायका फोटोसाठी जिन्यावर उभ्या राहिलो, तर तो मला म्हणाला, "माताजी, आप जरा पीछे. भाभीजी, आप आगे आइए." भाभीजी म्हणजे माझी धाकटी जाऊ. माझ्याहून फक्त चार वर्षांनी लहान. मी शेहेचाळीस वर्षांची होते आणि त्या दिवशी नवी पैठणी नेसले होते. मी मागे सरकले, पण तो कॅमेरा उचलून त्याच्याच डोक्यात घालावा, असं अगदी मनापासून वाटलं.

त्याला मारता आलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी स्वतःच्या चेहऱ्यावर तुटून पडले. मसूरडाळीचं जाडंभरडं पीठ घेऊन गाल घासले, ते सोलून निघेपर्यंत. त्यावर लिंबू चोळलं. डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या, तर मी म्हणते, लागू पडतंय. हनुवटीवरचे केस काटा काढायच्या चिमट्याने उपटले. कोणीतरी सांगितलं होतं की गालांवर चापट्या मारल्या की रक्त वर येतं आणि कांती उजळते. मग काय, रोज सकाळी न्हाणीत आरशासमोर उभी राहून फाडफाड स्वतःला मारायची. एकदा बाहेरून सासूबाईंनी विचारलं, कोणाला मारतेस ग? मी म्हटलं, डास, आई. त्या म्हणाल्या, फार झालेत हो तुझ्या न्हाणीत.

एवढ्यावर थांबले असते तर दात राहिला असता. पण मी अमेरिकेतल्या भाचीला पत्र टाकलं, चेहऱ्यासाठी काहीतरी पाठव म्हणून. ती तिथे औषधांच्या दुकानात काम करायची. आषाढात कोणाबरोबर तरी तिने एक मोठा पत्र्याचा डबा पाठवला, पांढऱ्या भुकटीचा, आणि सोबत चिठ्ठी. कोलाजेन हा शब्द मी पहिल्यांदा त्या चिठ्ठीत वाचला. तिने लिहिलं होतं: मावशी, आपल्या कातडीत आणि सांध्यांत धाग्यांसारखं एक प्रथिन असतं, ते सगळं ताणून धरतं. वय झालं की शरीर ते कमी विणायला लागतं, मग कातडी सैल पडते, गुडघे करकरतात. ही भुकटी घेऊन काही जणांना बरं वाटतं, काहींना नाही. दोन-तीन महिने तरी घ्यावी लागते, आणि बरोबर आवळ्यासारखं काही आंबट खावं. शेवटी खाली रेघ मारून लिहिलं होतं, की ही गुरांच्या कातड्यापासून करतात. तुमच्या घरचं सोवळं बघता घ्यायची की नाही ते तू ठरव.

मी ठरवायला एक दिवसही घेतला नाही, खोटं कशाला बोलू. गंगेवरच्या पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला आमचं घर, कांदासुद्धा आत न येणारं, आणि त्या घरची मोठी सून गुरांची कातडी दुधात घालून प्यायला तयार झाली, कारण एका माणसाने तिला माताजी म्हटलं होतं. आज माझी नात तेच घेते, माशांचं, संत्र्याच्या चवीचं. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणतात, थोडाफार गुण येतो, कातडी जरा ओलसर राहते, सांधे जरा मोकळे होतात, पण जादू समजू नका. उन्हात हिंडू नका, झोप काढा, पोटभर जेवा, हे त्याच्या आधी. मला त्या वेळी असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्यावर धावून गेले असते. मला जादूच हवी होती.

आता डबा लपवायचा कुठे? आमच्या स्वयंपाकघरात सोवळ्याची एक फळी होती. उपासाची पिठं, देवाचं तूप, गूळ, असं त्यावर. अंघोळ करून धूतवस्त्र नेसल्याशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही. मुलं लावत नसत, जाऊ शाळेत शिकवायला जायची म्हणून तीही लावत नसे. लावायच्या फक्त दोघी, मी आणि सासूबाई. सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यांना डब्यातलं काय दिसणार. म्हणून मी तवकिरीचा जुना पितळी डबा रिकामा केला, तवकीर दुसऱ्या स्टीलच्या डब्यात ओतली आणि पितळीत माझं तारुण्य भरलं. घरातली सगळ्यात अपवित्र वस्तू मी सगळ्यात पवित्र जागी ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन दोन आवळे खाल्ले.

डोळ्यांचा हिशेब मी केला, हातांचा केला नाही. सासूबाई चातुर्मासात एकभुक्त राहायच्या आणि संध्याकाळी तवकीर दुधात शिजवून प्यायच्या. इथले लोक तिला तीखुर म्हणतात. तो पितळी डबा त्यांनी चाळीस वर्षं उघडला होता. हात सवयीने तिथेच गेला.

माझ्या लक्षात आलं तेव्हा श्रावण संपत आला होता. भुकटी मी घेत होते त्याच्या दुप्पट वेगाने उतरत होती. एका संध्याकाळी मी दारात उभी राहून पाहिलं. सासूबाई मी पेटवून ठेवलेल्या चुलीपुढे बसून दूध ढवळत होत्या आणि बाजारातल्या तीखुरवाल्याला शिव्या देत होत्या. मेल्याने काय मिसळलंय कोण जाणे, दूध घट्ट म्हणून होत नाही. मग आणखी एक चमचा. मग आणखी एक.

तिथेच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही, आणि त्याचं कारणही सांगते. दोन वर्षं त्या बाई घाटाच्या पायऱ्या बसत बसत उतरायच्या. एका हातात काठी, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि प्रत्येक पायरीला माझ्या खांद्यात नखं रुतायची. त्याच आठवड्यात त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली होती. घाटावरच्या बिंदुमाधवाच्या देवळात नमस्कार करून येताना साऱ्या गल्लीला सांगायच्या, माझ्या माधवाने गुडघे परत दिले, यंदा कार्तिकाची सगळी स्नानं पायांवर चालत करीन. त्यांचा चेहरा असा फुललेला असायचा. माझ्या चेहऱ्यावर म्हणाल तर फक्त लिंबाचे डाग.

भुकटीचा गुण होता, रोज मी पायांना तीळतेल चोळायची त्याचा होता, की माधवाचाच होता, देव जाणे. पण सांगितलं तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. त्या बाई फक्त माझ्या हातचं सोवळ्यातलं जेवायच्या. विटाळ खाऊ घातला हे कळलं की माझ्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाहीत. आणि स्वतः रांधायचं तर चुलीतला जाळ त्यांना दिसत नव्हता. म्हणून मी गुपचूप डबे पुन्हा बदलले आणि उरलेली भुकटी पोटात ढकलून संपवली. माज बघा, टाकून दिली नाही.

अमेरिकेचा पत्र्याचा डबा, आत ती चिठ्ठी कोंबून, मी शेजारच्या छतावर भिरकावला आणि विसरले. माकडं विसरली नाहीत. आश्विनातल्या त्या दुपारी एक हुप्प्या तो डबा आमच्या कठड्यावर आणून आपटत बसला होता. जाऊ कपडे वाळत घालायला गेली होती. तिने त्याच्यावर काठी उगारली, त्याने तिच्या पदराचा लचका तोडला, तिने खरंच काठी हाणली, तो दात विचकत गेला आणि डबा राहिला. तिने आधी डब्यावरचं इंग्रजी वाचलं, मग चिठ्ठी वाचली. मी वर पोचले तेव्हा ती पांढरीफटक उभी होती.

पितळी डबा, घट्ट न होणारं दूध, सासूबाईंचे गुडघे, सगळं तिने एका क्षणात जुळवलं. तिने मला विचारलं, आईंना दिलंस? मी म्हटलं, दिलं नाही, त्यांनी घेतलं. ती म्हणाली, हे आत्ताच्या आत्ता खाली जाऊन सांगते. मी म्हटलं, नको. ती जिन्याकडे निघाली. मी तिची वेणी पकडली.

पुढचं फार भराभर झालं. ती मागे ओढली गेली आणि वळून तिने मला थोबाडीत मारली. फोटोग्राफर, माताजी, लिंबू, सगळं माझ्या हातांत गोळा झालं आणि मी तिला कठड्यावर लोटलं. बांगड्या फुटल्या. तिच्या भुवईतून रक्त आलं आणि तिच्या डोळ्यात उतरलं. तिने आंधळेपणाने कोपर फिरवलं. तोंडात खडा आल्यासारखं वाटलं, थुंकून बघते तर दात. तो बघून मी इतकी पिसाळले की तिच्या दंडाला चावले, त्याच फटीतून. ओल्या धोतरांत पाय अडकून दोघी पडलो, आणि पडल्यावरही सोडलं नाही.

तेवढ्यात पाठीत काठी बसली. एक मला, एक तिला, पुन्हा एक मला. सासूबाई. दोन मजले चढून आल्या होत्या, न थांबता, आणि हातात तीच कोपऱ्यातली काठी. टेकायला नव्हे, झोडायला. दम लागला तेव्हा कुठे थांबल्या.

"काय चाललंय? गल्लीभर आवाज जातोय."

मी जावेकडे पाहिलं. सगळं संपलं असं वाटलं. तिने पदराने डोळ्यातलं रक्त पुसलं, डबा पायाने माझ्या मागे सरकवला आणि म्हणाली, "माकड आलं होतं, आई. आम्ही हाकलत होतो."

माझ्या जावेचं हे देणं मी अजून फेडलेलं नाही. गप्प राहिले असते तर निभावलं असतं. पण सासूबाई काठीवर हात ठेवून हसल्या आणि म्हणाल्या, "माधवाने गुडघे दिले ते तुम्हा दोघींना बडवायला, असं दिसतंय."

ते ऐकून माझ्या तोंडातलं रक्त एकदम खारट लागलं. मी तिथेच, ओल्या धोतरांत बसून, सगळं सांगितलं. भुकटी कशाची ते, डबा कोणी बदलला ते, कधी कळलं आणि कधीपासून गप्प आहे ते. दात नसल्यामुळे शब्द फुसफुसत होते, तरी त्यांना कळलं. मला वाटलं आता डोकं फोडतील. मी मान खालीही घातली होती. काठी उठली नाही.

"माधव नव्हता म्हणजे," एवढंच त्या म्हणाल्या.

आणि एकट्या खाली उतरल्या. जिना, गल्ली, घाट. नेसत्या वस्त्रानिशी गंगेत बुडी मारली. परत आल्या त्या स्वतःची वेगळी चूल मांडून बसल्या. पितळी डबा आणि माझ्या हातची सगळी पिठं त्यांनी अंगणात फेकली. माझी सावली पडली तरी पळी उगारायच्या. घरात भांडी आपटल्याशिवाय दिवस जाईना. मुलं दबकून राहू लागली. ह्यांनी समजूत घालायला तोंड उघडलं तर पाण्याचा तांब्या त्यांच्या कानाजवळून भिंतीवर गेला. मी तीन दिवस दाराशी बसून बघत होते. कच्चा भात, करपलेली भाकरी. तिसऱ्या दिवशी त्यांनी ती अर्धी टाकून दिली.

चौथ्या दिवशी तवा शोधताना त्यांचा हात सरळ विस्तवात गेला. ओरडल्या नाहीत, फक्त श्वास आत ओढला. मला मात्र राहवेना. मी आत घुसले आणि त्यांच्या हातातला चिमटा धरला. त्यांनी सोडला नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, पण मनगटात केवढा जोर. ओढाताणीत त्यांचा जळका हात माझ्या गालावर बसला, जाणूनबुजून. न्हाणीत मी स्वतःला दिलेल्या सगळ्या चापट्या त्यापुढे फिक्या. मी दुसरा गाल पुढे केला नाही, मी काही संत नाही. मी चिमटा हिसकला, कोपऱ्यात फेकला आणि त्यांचं मनगट धरून जबरदस्तीने पाण्यात बुचकळलं. त्या झटके देत राहिल्या, मी धरून राहिले. हळूहळू झटके थांबले. तव्यावर भाकरी जळत होती, आम्ही दोघी धापा टाकत होतो.

मी उठून अंघोळ करून आले. सोवळं नेसले, बाजारातून नुकतंच आलेलं पीठ घेतलं, त्यांच्या चुलीवर भाकरी टाकली. त्यांनी अडवलं नाही. ताटलीत घातली आणि समोर धरली. त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या चाहुलीच्या दिशेने, तोंड वळवलं.

"कार्तिक लागायला किती दिवस राहिलेत?"

मी म्हटलं, नऊ.

"पायऱ्या उतरायला खांदा लागेल," त्या म्हणाल्या. "आता वाढ. आणि वाढताना ते तोंडातलं भगदाड मिटून ठेव."

मी तोंड मिटलं आणि वाढलं.