केरसुणीचे वारसदार

केर काढण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांचा हात धरील असा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये नाही. पेशाने ते तेल कंपनीत इंजिनिअर. पण दर शुक्रवारी सकाळी एगैलातल्या आमच्या इमारतीच्या तळघरात ते कराटे शिकवतात, आणि त्याआधी अर्धा तास स्वतः फरशी झाडतात. नाशकात त्यांच्या आजोबांनी हा वर्ग सुरू केला, वडिलांनी वाढवला. घराण्याचा नियम एकच: जो वर्गाचा प्रमुख, त्यानेच केर काढायचा. वडील थकले तेव्हा त्यांनी लेकाच्या हाती आपला काळा पट्टा नाही, शिंदीची केरसुणी दिली. ती घेऊन हे इथल्या विमानतळावर उतरले. "हे काय?" अधिकाऱ्याने विचारलं. "कराटे," सर गंभीरपणे म्हणाले. बिचाऱ्याने ती उलटीसुलटी करून आत शस्त्र शोधलं.

धुळीच्या वादळानंतर तर सरांना चेवच येतो. एकदा इमारतीचा रखवालदार मदतीला धावला, तर "भाईसाब, ये मेरा काम है," म्हणत त्यांनी त्यालाच खुर्चीवर बसवून चहा पाजला. मी पंचेचाळिसाव्या वर्षी, पाठ धरली म्हणून, त्यांच्याकडे जायला लागलो. माझी लाथ अजून माझ्याच कमरेच्या वर जात नाही, पण कोपऱ्यातला केर मला आता लांबूनही दिसतो.

एकच काळजी सरांना पोखरायची. सतरा वर्षांची एकुलती एक लेक. कराटेत तरबेज, पण केरसुणीचं नाव काढलं की म्हणायची, "बाबा, दॅट्स युवर थिंग." जिना चढताना सर मला विचारायचे, "माझ्यानंतर कोण हो?"

गेल्या महिन्यात जाब्रियाच्या हॉस्पिटलात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. प्रमुखाला केर काढता येत नाही, म्हणजे वर्ग संपला, असा त्यांचा सरळ हिशेब. मुलांना ते स्वतःच सांगायचं म्हणून शुक्रवारी काठी टेकत, माझ्या खांद्याचा आधार घेत ते खाली आले. दार उघडलं, तर लेक केर काढत होती.

"अगं, आतून बाहेर काढ..." सर म्हणाले.

"बाबा, नो टॉकिंग. लाइनमध्ये उभे राहा."

सर निमूटपणे शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि गुडघ्याला झेपेल तेवढं वाकून त्यांनी लेकीला नमस्कार केला. कोपऱ्यात थोडी धूळ राहिली होती. ती त्यांना दिसली, हे मला दिसलं. पण तिथून नजर काढून त्यांनी सरळ लेकीकडे पाहिलं. त्या वेळी ते मला फार आवडले, आणि पहिल्यांदाच थोडे म्हातारेही वाटले.